कच्चें लिंबू आणि पक्का गडी

अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या टोळींत एखादें लहानगें पोर नेहमीं असतें. त्याला खेळावयाचें तर असतें, पण धांवतांना तें मागें पडतें आणि बाद झालें कीं भोकाड पसरतें. आपल्याकडील मुलांनीं या अडचणीवर फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. त्या पोराला ‘कच्चें लिंबू’ म्हणावयाचें. त्यानें सर्वांबरोबर धांवावें, ओरडावें, पण त्याच्यावर राज्य येऊं नये. या तोडग्यांतील शहाणपण असें कीं, मुलें लहानग्यासाठीं खेळाचा नियम मोडीत नाहींत आणि नियमासाठीं लहानग्याला घरींहि पाठवीत नाहींत.

हीच अडचण गेल्या पाव शतकांत एका निराळ्याच अंगणांत उभी राहिली. इंटरनेटनें जोडलेल्या संगणकांवर बसून दूरदूरच्या खेळाडूंनीं एकमेकांविरुद्ध खेळावयाचे बंदुकीचे खेळ आतां बहुतेक सुशिक्षित घरांस परिचित झाले आहेत. निदान बंद दाराआडून येणारा गोळीबाराचा आवाज तरी वडील मंडळींच्या कानीं पडलेला असतो. असा खेळ बाजारांत येण्यापूर्वीं तो खेळाडूंकडून खेळवून घेऊन त्यांचीं मतें मागविण्याची रीत आहे. पण हे खेळाडू दोन प्रकारचे असतात. एक, दिवसाचें काम आटोपून घटकाभर करमणुकीसाठीं बसणारा. दुसरा, रोज तासन्‌तास सराव करून स्पर्धेंत उतरणारा. पहिल्याला जें असह्य वाटतें तेंच कित्येकदां दुसऱ्याला खेळाचें मर्म वाटतें. अशा वेळीं निर्मात्यानें कोणाचें ऐकावें? ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाच्या इतिहासांत या प्रश्नाचीं चुकलेलीं आणि साधलेलीं अशीं दोन्ही प्रकारचीं उत्तरें एकत्र पहावयास मिळतात. म्हणून त्याची हकीकत येथें थोडी विस्तारानें सांगतों.

१९९८ सालीं व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनें ‘हाफ-लाइफ’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या यंत्रणेंत फेरफार करून मिन्ह ली या कॅनडांतील विद्यार्थ्यानें, जेस क्लिफ या सहकाऱ्यासह, एक नवाच खेळ रचला आणि जून १९९९ मध्यें त्याची पहिली चांचणी-आवृत्ति इंटरनेटवर फुकट ठेवून दिली. प्रारंभीं त्यांत ओलिसांची सुटका एवढाच डाव होता. एका पक्षानें बाँब पेरावयाचा व दुसऱ्यानें तो निकामी करावयाचा, हा पुढें गाजलेला डाव त्याच वर्षाच्या अखेरीस आला. जो मेला तो डाव संपेपर्यंत मेला, हा या खेळाचा कणा होय. डावाच्या निकालाप्रमाणें पैसे मिळावयाचे आणि त्यांतून पुढल्या डावासाठीं हत्यारें विकत घ्यावयाचीं. नोव्हेंबर २००० मध्यें व्हॉल्व्हनें तो रीतसर विक्रीस काढला. तोंपर्यंतच्या सुमारें दीड वर्षांत खेळाडू आणि परीक्षक असा भेदच नव्हता. जो खेळे तोच परीक्षक, आणि त्याच्या तक्रारी वाचून पुढली आवृत्ति निघे.

निर्मात्यांनीं दोन वर्ग पाडण्यापूर्वीं खेळाडूंनींच ते पाडून घेतले होते, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या काळीं ज्याचा सर्व्हर त्याचे नियम. कोणी आपल्या सर्व्हरवर बत्तीस जणांची जत्रा भरवी, तर कोणी पांचांविरुद्ध पांच असेच सामने लावी. दूरवरून एकाच गोळीनें प्राण घेणारी ‘ए-डब्ल्यू-पी’ बंदूक कित्येकांनीं आपल्या आवारांतून हद्दपार केली. स्पर्धेच्या खेळाडूंनीं मात्र तिला डोक्यावर घेतलें. डिसेंबर २००१ मध्यें डॅलस येथें दीड लाख डॉलर बक्षिसांची स्पर्धा झाली आणि ती एका स्वीडिश संघानें जिंकली. खेळ कांहीं तरुणांच्या पोटापाण्याचा विषय होऊं लागला. आणि पोटाचा प्रश्न आला म्हणजे मताला निराळीच धार येते.

यानंतरच्या दोन घटना एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या. लागोपाठ उड्या मारून वेग वाढवीत जाण्याची एक युक्ति कुशल खेळाडूंनीं हस्तगत केली होती. २००२ सालच्या आवृत्तींत निर्मात्यांनीं उडीनंतर खेळाडूचा वेग कमी होईल अशी योजना करून तिला आळा घातला. अंगीं मुरलेली विद्या वांयां गेली, तरी निष्णात लोक खेळ सोडून गेले नाहींत. दुसऱ्या वर्षीं, २००३ च्या आवृत्तींत, एक ढाल आली. तिच्या आड उभें राहून नवख्यासहि चार क्षण अधिक जगतां येई. पण स्पर्धांच्या चालकांनीं तिला बंदी केली आणि पुढल्या वर्षींच्या ‘सोर्स’ आवृत्तींत ती दिसलीच नाहीं. एकदां निष्णातांचें सुख हिरावलें तें पचलें. एकदां सर्वांना नवें साधन दिलें तें पचलें नाहीं. माझ्या मतें याचें कारण असें कीं, उड्यांची युक्ति गेल्यानें दोन खेळाडूंमधील मूळ झुंज, म्हणजे नेम, धीर आणि अंदाज, अधिकच उघडी झाली. ढालीनें तीच झांकून टाकली. तेव्हां मत कोणाचें यापेक्षां तें मत खेळाच्या कोणत्या अंगाला हात घालतें, हें पाहणें अधिक महत्त्वाचें.

ही गोष्ट दुर्लक्षिली तर केवढी किंमत पडते हें २००४ च्या ‘सोर्स’ आवृत्तीनें दाखविलें. नव्या यंत्रणेमुळें तिचें रूप देखणें झालें आणि हजारों नवे खेळाडू तिच्याकडे वळले. परंतु बंदुकीचा झटका आणि शरीराची चाल यांचा हातांत बसलेला ठेका तींत उरला नाहीं, असें जुन्या निष्णातांना वाटलें. पोलंड व स्वीडन येथील नामांकित संघ जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहिले. उलट, २००७-०८ मध्यें अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या एका व्यावसायिक स्पर्धेनें ‘सोर्स’चा अंगीकार केला. एकाच नांवाच्या खेळाचे दोन पंथ झाले आणि जवळजवळ आठ वर्षें ते वेगळ्या चुलीवर जेवले. नवशिका एका अंगणांत शिके आणि गुरु दुसऱ्या अंगणांत खेळे, अशी ती स्थिति होती.

निष्णातांच्या बाजूनें एवढें सांगितल्यावर दुसऱ्या पक्षाचेंहि गाऱ्हाणें ऐकलें पाहिजे. आणि तें ऐकणें अवघड आहे, कारण हा पक्ष सहसा बोलतच नाहीं. निष्णात खेळाडू पानेंच्या पानें लिहून तक्रार करतो; घटकाभर खेळणारा कंटाळला कीं मुकाट्यानें उठून जातो. त्याचें मत वाचतां येत नाहीं, त्याच्या वागण्यावरून तें ओळखावें लागतें. याचें उत्तम उदाहरण एका दुसऱ्या खेळाचें आहे. २००७ सालीं आलेल्या ‘हेलो ३’ च्या वेळीं मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेंत सुमारें ६०० सामान्य खेळाडूंचा तीन हजार तासांहून अधिक खेळ पडद्याआडून पाहिला गेला. एकट्यानें खेळावयाच्या भागांत कांहीं जणांच्या गोळ्या वारंवार संपत. गोळ्या अपुऱ्या आहेत असा कोणीहि निष्कर्ष काढला असता. पण निरीक्षणांत दिसलें कीं, हे खेळाडू शत्रु टप्प्यांत येण्यापूर्वींच गोळीबार करीत. म्हणून गोळ्या न वाढवितां, शत्रु टप्प्यांत येतांच नेमाचें चिन्ह तांबडें व्हावें अशी सोय केली. दुखणें खरें होतें, त्याचें सांगितलेलें कारण मात्र खोटें ठरलें असतें. त्याच खेळाच्या अनेकांनीं मिळून खेळावयाच्या भागाची उघडी चांचणी त्या वर्षाच्या मे-जूनमध्यें झाली व तींत आठ लाखांहून अधिक लोकांनीं भाग घेतला.

काउंटर-स्ट्राइकमध्यें नवशिका म्हणतो, “ती लांब पल्ल्याची बंदूक अन्यायाची आहे.” त्याच्या वागण्याकडे पाहिलें तर निराळेंच दिसेल. पहिल्या दहा सेकंदांत मरून तो पुढलीं जवळजवळ दोन मिनिटें इतरांचा खेळ पाहत बसलेला असतो. त्याचें दुःख बंदुकीचें नाहीं, बसून राहण्याचें आहे. बंदूक दुबळी केली तर निष्णाताचा खेळ बिघडेल आणि नवशिका दुसऱ्या एखाद्या बंदुकीनें मरून पुन्हां बसूनच राहील.

‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही नवी आवृत्ति २०११ सालीं तयार होऊं लागली तेव्हां हे धडे उपयोगी पडले. स्पर्धांतील नामांकित खेळाडूंना बोलावून ती दाखविली, त्यांचे आक्षेप ऐकून ठरलेली चांचणी पुढें ढकलली, आणि ३० नोव्हेंबर २०११ पासून मर्यादित चांचणी सुरू केली. ऑगस्ट २०१२ मध्यें खेळ बाहेर आला तो अनेक दालनें घेऊन. स्पर्धेच्या दालनांत पांचांविरुद्ध पांच. आपल्याच सोबत्याची गोळी आपल्याला लागे, चिलखत पदरच्या पैशानें घ्यावें लागे. हौशी दालनांत नियम सैल. सोबत्याची गोळी लागत नसे, चिलखत फुकट मिळे आणि सामना लवकर संपे. शिवाय मरतांच पुन्हां उठून खेळावयाचें दालनहि होतें. बंदुका मात्र सर्वत्र त्याच, त्यांचा झटकाहि तोच. हौशी दालनांत हाताला लागलेलें वळण स्पर्धेच्या दालनांत फुकट जात नसे. दुभंगलेले पंथ हळूहळू एकत्र आले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्यें स्वीडनमधील यन्शेपिंग येथें अडीच लाख डॉलरची पहिली मोठी स्पर्धा या आवृत्तीवर झाली.

शहाणपण एकदां आलें म्हणून तें टिकतेंच असें नाहीं. डिसेंबर २०१५ मध्यें अवघ्या ८५० रुपड्यांचें, म्हणजे खेळांतील ८५० डॉलरांचें, एक रिव्हॉल्व्हर सर्व दालनांत एकदम आलें. अंगावर लागलेल्या एकाच गोळीनें तें माणूस पाडी. हेंच काम करणाऱ्या लांब बंदुकीची किंमत ४,७५० होती! ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत त्याचें बळ कमी करावें लागलें. निष्णातांपुढें तें आधीं ठेवलें असतें तर हा हिशेब त्यांनीं एका संध्याकाळींच मांडून दाखविला असता. उलट बाजूची चूक २०२३ मध्यें दिसली. ‘काउंटर-स्ट्राइक २’ च्या मार्चमधील चांचणीसाठीं खेळाडू निवडतांना अधिकृत सर्व्हरवरील त्यांचा अलीकडील खेळ जमेस धरला होता. घटकाभर येणारा अशा निवडींत साहजिकच मागें राहतो. सप्टेंबरमध्यें खेळ निघाला तेव्हां हौशी मंडळींचीं कित्येक आवडतीं दालनें त्यांत नव्हतीं. त्यांपैकीं ‘आर्म्स रेस’ हें एक दालन फेब्रुवारी २०२४ मध्यें परत आलें.

या सर्व हकीकतीवरून मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, दोन्ही मतें तराजूंत घालून मधला कांटा शोधणें हा न्याय नव्हे. वैद्य रोग्याला कोठें दुखतें हें विचारतो, औषध विचारीत नाहीं. आणि औषधाचा पुढें काय परिणाम होईल हें अनुभवी माणसाला विचारतो. नवशिक्याचें दुःख खरें मानावें, त्याचा उपाय तपासावा. निष्णाताचें भाकीत खरें मानावें, पण त्याची सवय म्हणजे खेळाचा धर्म असें मानूं नये. अंगणांतलीं मुलें हेंच करतात. कारण त्यांना ठाऊक असतें कीं, आजचें कच्चें लिंबू एक दिवस आपण होऊनच म्हणणार आहे, “आज माझ्यावरहि राज्य येऊं द्या.” त्या दिवशीं त्याला मोठ्यांचा खेळ शाबूत मिळाला पाहिजे.