टकळीवरचे गणित : वर्धा, १९३७

१/ सूत कातता कातता गुणाकार शिकता येईल काय? १९३७ साली वर्ध्यात हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला. त्याच्या उत्तरातला पेच समजून घेण्यासारखा आहे.

२/ २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि केंद्रस्थानी एखादा हस्तोद्योग, असे ठराव झाले. या पद्धतीतून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघेल, अशी अपेक्षाही व्यक्त झाली. तपशील ठरविण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले.

३/ यात गणित कोठे होते? ४ फूट सुताची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. समजा, एक मूल रोज ८० तार कातते. तर गुंडी किती दिवसांत होईल? तिची लांबी किती फूट भरेल? कापूस पिंजताना शेकडा किती घट आली? पुढच्या वर्गांत सुताचा अंक येई : एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका तो अंक. लडी अधिक, तर सूत बारीक. गुणोत्तर असे बोटांना जाणवत असे.

४/ आता समितीचे वेळापत्रक पाहा. साडेपाच तासांपैकी हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे. गणित, संगीत आणि चित्रकला यांना मिळून ४० मिनिटे! याचा अर्थ, गणिताचा बराच भाग कातण्याच्या वेळेतच शिकवला जाणे अभिप्रेत होते. शिक्षकाने तेथे प्रश्न विचारलाच नाही, तर मागे उरते ती केवळ मजुरी.

५/ हा धोका तेव्हाच ओळखला गेला होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला. आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक हेतूंचा बळी जाऊ शकतो, असा इशारा खुद्द समितीच्या अहवालातही आहे.

६/ वहीतला ‘८० तार’ हा आकडा एकच. शिक्षकाला तो उदाहरणाची सुरुवात वाटू शकतो, हिशेबनिसाला दिवसाचे उत्पादन. म्हणून ‘कृतीतून गणित’ शिकवणारी कोणतीही योजना अभ्यासताना साधनांच्या यादीवर थांबू नका. कृती संपल्यावर मुलांना विचार करायला किती वेळ दिला होता, तेही तपासा.