जात्यांचे दगड आणि मठाची फरशी

मध्ययुगीन युरोपातले जेवण म्हटले की डोळ्यांसमोर सिनेमातले टेबल येते: अख्खे भाजलेले रानडुक्कर, चांदीचे पेले, हातांनी मांस तोडणारे सरदार. असे टेबल होते, पण ते फार थोड्यांचे. शेतात राबणाऱ्यांच्या घरात काय शिजत होते हे पाहायचे तर किल्ल्यातून उतरून गावात जावे लागते. या लेखापुरते आपण लंडनच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या सेंट ऑल्बन्सला जाऊ. तिथे पोटापाण्याचा प्रश्न जात्यापाशी येऊन अडला होता.

तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या इंग्रज कुळाचे पोट मुख्यतः पाव, पॉटेज आणि एल यांवर भरे. पाव निव्वळ गव्हाचा क्वचितच असे. गहू पिकवला तरी तो बहुधा बाजारात जाई, कारण खंड रोखीत भरायचा असे. घरी खायला राय, बार्ली किंवा गहू आणि राय एकाच शेतात मिसळून पेरलेले धान्य. उत्तरेकडच्या थंड, ओल्या भागात ओट. वाईट वर्षी पिठात वाटाणे आणि घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे दळून घालत. पॉटेज म्हणजे चुलीवर रटरटणारे दाट कालवण. त्यात मूठभर धान्य, वाटाणे, परसातला कोबी, कांदा, लसूण, लीकची पात आणि असलाच तर खारवलेल्या मांसाचा तुकडा. एल ही बार्लीला मोड आणून आंबवलेली बिअर. ती फार दिवस टिकत नसे, म्हणून सारखी करावी लागे आणि ते काम बहुतेक बायकांचे असे. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यांतले काहीच या स्वयंपाकघरात नव्हते. ते सारे १४९२ नंतर अमेरिकेतून आले, तिकडेही आणि आपल्याकडेही.

हे आपल्याला कळते कसे? काही मातीच्या भांड्यांवरून. नॉर्दम्प्टनशर परगण्यात वेस्ट कॉटन नावाचे एक उजाड झालेले मध्ययुगीन खेडे उत्खननात सापडले. तिथल्या मडक्यांच्या मातीत मुरलेली चरबी रसायनशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा गाई-मेंढ्यांच्या मांसाबरोबर शिजवलेल्या पालेभाजीच्या आणि दुधाच्या पदार्थांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे गरिबाला मांस ठाऊकच नव्हते असे नाही. पण चर्चचे उपासाचे दिवस बरेच होते. शुक्रवार आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य, आणि तेव्हा खारवलेला हेरिंग मासा कामी येई.

बाकीची माहिती कागदांवरून मिळते, आणि ते कागद जेवणाऱ्यांनी लिहिलेले नाहीत. जमीनदाराच्या कचेरीत कुळांना झालेल्या दंडांच्या नोंदी आहेत. एल विकणाऱ्या बायकांची नावे अनेकदा दंडाच्या यादीतच भेटतात. तेराव्या शतकात राजाने पाव आणि एल यांच्यासाठी कायदा केला होता. त्यात पावाची किंमत स्थिर राही आणि गहू महागला की पावाचे वजन घटे. गिऱ्हाइकाच्या हातातले नाणे तेच, पाव मात्र लहान.

दंडाच्या या नोंदींत दळणही आहे. बऱ्याच ठिकाणी कुळाने धान्य जमीनदाराच्याच पाणचक्कीवर दळले पाहिजे असा नियम होता. दळणावळ म्हणून धान्याचा ठरलेला हिस्सा चक्कीवरच कापला जाई. ठिकाणानुसार तो सोळावा, कुठे चोविसावा. घरात जाते ठेवून गुपचूप दळणे हा गुन्हा होता. पॉटेज इतके घरोघरी का होते, याचे एक कारण इथेही असावे. अख्खे दाणे शिजवून खाल्ले तर चक्कीचा हिस्साही वाचतो आणि भट्टीचाही.

सेंट ऑल्बन्सचा जमीनदार म्हणजे तिथला बेनेडिक्टाइन मठ. घरच्या जात्यांवरून गावकरी आणि मठ यांच्यात १२७४ मध्येच वाद पेटला होता. मग आला १३१५ चा पावसाळी उन्हाळा. पिके शेतातच कुजली आणि उत्तर युरोपभर दुष्काळ पडला. त्या ऑगस्टमध्ये राजा दुसरा एडवर्ड सेंट ऑल्बन्सला मुक्कामाला आला, तेव्हा त्याच्या लवाजम्यालाही पाव मिळणे कठीण झाले, अशी नोंद मठाच्याच बखरकाराने केली आहे. राजाला पाव मिळेना, तिथे मोलमजुरी करणाऱ्याचे काय झाले असेल ते लिहिण्याची गरज नाही.

१३२७ मध्ये रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्ड मठाधिपती झाला. हा लोहाराचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, मोठा गणिती. ग्रहताऱ्यांची गती दाखवणारे त्याचे घड्याळ त्या काळातले एक आश्चर्य होते. याच माणसाने गावातली हातजात्यांची जोडी न् जोडी जप्त केली आणि ते दगड मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. मठात येणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्यांवर पडणार होता. दगड फोडून टाकता आले असते. ते दिसत राहावेत, हीच शिक्षा होती.

पुढे १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची निदान एकतृतीयांश माणसे नेली. जे उरले त्यांच्या मजुरीला भाव आला. पार्लमेंटने १३५१ मध्ये कायदा करून मजुरी जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न केला, पण पोटाने तो फारसा ऐकला नाही. नॉरफोकमधल्या सेजफोर्डच्या हिशेबवह्यांत सुगीच्या मजुरांना दिलेले जेवण नोंदलेले आहे. तेराव्या शतकात ते मुख्यतः बार्लीचा पाव आणि चीज असे. पंधराव्या शतकापर्यंत गव्हाचा पाव, भरपूर एल आणि ताजे गोमांस आले. मजूर आता शिळ्या भाजीला नाक मुरडतात, अशी तक्रार तेव्हाच्या साहित्यातही उमटली.

जून १३८१ मध्ये इंग्लंडमधले शेतकरी आणि कारागीर उठले. सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले. जात्यांचे दगड फरशीत बसून तोवर जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. ज्यांची जाते होती त्यांतले बहुतेक मेलेले असणार. तरी लोकांनी ते दगड उखडले, फोडले आणि एकेक तुकडा वाटून घेतला. मठाचा बखरकार थॉमस वॉल्सिंगहॅम, जो बंडखोरांचा कट्टर विरोधक होता, लिहितो की रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित पाव वाटतात तसे ते वाटले. नकळत त्याने नेमकी उपमा दिली.

बंड महिनाभरात मोडले. जुलैमध्ये राजा दुसरा रिचर्ड स्वतः सेंट ऑल्बन्सला आला. बंडाचा उपदेशक जॉन बॉल याला तिथेच फाशी दिले, आणि गावचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉबलाही. मठाने दिलेले हक्क परत घेतले.

आपल्याकडे जात्यावर पहाटे ओव्या म्हटल्या गेल्या, आणि त्या जपल्या गेल्या म्हणून दळणाऱ्या बायकांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला. सेंट ऑल्बन्सच्या बायकांनी दळताना काही म्हटले असेल तर ते कोणी लिहून ठेवले नाही. त्यांचे जाते आपल्याला भेटते ते जप्तीच्या नोंदीत, आणि नंतर घरी नेलेल्या त्या तुकड्यांत. तुकड्यावर दळता येत नाही. तरीही लोकांनी तो नेला.