रंगाऱ्यांवरील पाण्याचे ऋण

आपल्या रंगारी ज्ञातीचा इतिहास हा पाण्याचाही इतिहास होय. नीळ, आल व मंजिष्ठ यांच्या बळावर आमच्या पूर्वजांनी व्यवसाय चालविला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधिला. १८९७ साली जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतिज निळीचा व्यापार ओसरला.

नवे रंग धुण्याने वा उन्हाने विटू नयेत असेच घडविलेले असतात. वस्त्रातील हा गुण नदीत मात्र दोष ठरतो. पाण्यात मिसळलेला रंग सहजी नष्ट होत नाही व जलवनस्पतींस मिळणारा सूर्यप्रकाश अडवितो.

१९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच पदार्थाचे नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांशांत मोजावयाचे कण, अतिनील किरणांच्या साहाय्याने रंगाचे रेणू फोडतात. परंतु शुद्धीनंतर हे कण पाण्यातून पुरतेपणी काढून घेतले पाहिजेत. अन्यथा एक मळ जाऊन दुसरा राहावयाचा.

वस्त्रास रंग देण्याची विद्या पूर्वजांनी आम्हांस दिली. पाण्याचा रंग काढण्याची विद्या आपल्या मुलामुलींनी हस्तगत करावी, अशी ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे.