घर सांभाळून धम्म : लेण्यांवरचे लेख काय सांगतात



आपल्यातल्या पुष्कळजणी अष्टविनायकाला जाऊन आल्या असतील. रांजणगाव तर आपल्या शिक्रापूरच्या शेजारचंच. पण जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला पायऱ्या चढता चढता गुडघे बोलायला लागतात. वर गेल्यावर गणपतीचं दर्शन होतं ते एका मोठ्या लेण्यात. हे लेणं मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होता. त्याच्या शेजारी चैत्यगृह आहे. आत दगडाचा स्तूप आहे आणि बाहेर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं हे चैत्यगृह दान दिलं, असं तो लेख सांगतो.

आज या लेखांविषयीच बोलू या. कारण गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो. पहाटे गोठा, मग स्वयंपाक, मुलांचे डबे, खुरपणी, कुणाची कंपनीतली पाळी. यात वंदनेला, वाचनाला, ध्यानाला वेळ काढायचा कधी? आणि नाही काढता आला तर आपण धम्मात कमी पडलो का?

बुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घर सोडून निघालेला सिद्धार्थ येतो. त्यामुळे वाटतं, धम्म म्हणजे घर सोडणाऱ्यांचा मार्ग. घरात राहणाऱ्यांनी लांबून हात जोडायचे. पण आपल्या जिल्ह्यातली लेणी वाचली की वेगळं चित्र दिसतं. जुन्नरच्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. बांबूचं काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचीही नावं जुन्नरला सापडतात. मावळातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाचं दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलं, असं तिथंच लिहिलं आहे. यातल्या कुणी धंदा सोडला नाही. धंद्यात राहूनच त्यांनी धम्माला हातभार लावला. अशा घरी राहणाऱ्या पुरुषाला उपासक म्हणत आणि बाईला उपासिका.

आता बायांची नावं ऐका. कार्ल्याला भायिला नावाची दाती आहे. तिची ओळख दिली आहे ती महादेवणक या गृहस्थाची आई अशी. तिथंच कोडी नावाची एक भिक्षुणी आहे. तिनं दगडी कठडा दान दिला. भिक्षुणी म्हणजे घर सोडलेली बाई. तरी लेखात तिच्या नावापुढे लिहिलंय, घुणिकाची आई. चीवर अंगावर आलं म्हणून आईपण पुसलं गेलं नाही, आणि ते दगडावर कोरून घ्यायला तिला संकोचही वाटला नाही. जुन्नरच्या एका लेखात तर नगरातल्या भिक्षुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. म्हणजे सगळ्याच भिक्षुणी काही डोंगरकपारीत राहत नव्हत्या. काहीजणी वस्तीतच, घरादारांच्या शेजारी होत्या.

मावळातच बेडसे लेणी आहेत. तिथं सामडिनिका नावाच्या महारठिनीनं, म्हणजे मोठ्या सरदाराच्या बायकोनं, पाण्याचं टाकं दान दिलं. खडकात खोदलेल्या अशा टाक्याला पोढी म्हणतात. पाण्यासाठी हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईला या दानाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती नाशिकची विष्णुदत्ता. पांडवलेण्यात तिचा लेख आहे. तो तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षातला. विष्णुदत्ता ही अग्निवर्मा या शकाची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई आणि उपासिका. लेक, बायको, आई आणि उपासिका ही चारही नाती तिनं एका ओळीत लिहवून घेतली. एकासाठी दुसरं खोडलं नाही. आणि तिनं केलं काय? डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धन गावातल्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्या श्रेणींत कुंभार होते, तेली होते. मुद्दल तसंच राहायचं, त्याच्या व्याजातून औषध यायचं.

ही पद्धत आपल्या बचत गटातल्या बायांना लगेच कळेल. याच लेण्यांतल्या आणखी एका लेखात तिचा पूर्ण हिशेब आहे. नहपान राजाचा जावई उषवदात यानं विणकरांच्या श्रेणीकडे २००० नाणी ठेवली, व्याज महिना शेकडा १. वर्षाचे झाले २४०. त्यातून पावसाळ्यात त्याच्या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब अगदी चोख बसतो. आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं, अशी अटही त्यात आहे.

आता या हिशेबाकडे जरा निरखून बघा. भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी बसून साधना करत. त्याला वर्षावास म्हणतात. त्यांना ती सवड मिळाली, कारण कुणीतरी माग चालवत होतं, घाणा फिरवत होतं, भाकरी थापत होतं. लेखात श्रेणीचं नाव आलं, पण विणकराच्या घरी सूत कोण कातत होतं आणि चूल कोण पेटवत होतं, ते आलं नाही. ते आपण ओळखू शकतो. एकाची साधना दुसऱ्याच्या कष्टावर उभी असते. म्हणून कष्ट करणारी बाई धम्माच्या बाहेर उभी नसते. तिच्या कष्टांवरच तर तो उभा असतो.

मग प्रश्न राहतो तो वाटणीचा. बुद्धांच्या उपदेशांत सिगाल नावाच्या तरुणाची कथा आहे. तो आंघोळ करून सहा दिशांना नमस्कार करत होता, कारण मरताना वडिलांनी तसं सांगितलं होतं. बुद्धांनी त्याला नमस्कार सोडायला सांगितलं नाही, त्याचा अर्थ बदलला. आईवडील, गुरू, बायकोमुलं, मित्र, घरात राबणारी माणसं आणि श्रमण, या सहा दिशा. प्रत्येक नात्यात कर्तव्यं दोन्ही बाजूंना आहेत. बायकोनं घरचं काम नीट करावं, मिळवलेलं सांभाळावं. तसं नवऱ्यानं तिचा मान ठेवावा, अपमान करू नये, तिच्याशी प्रामाणिक राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. राबणाऱ्यांना झेपेल एवढंच काम द्यावं, आजारात त्यांची काळजी घ्यावी आणि वेळेवर सुटीही द्यावी. सुटी देणं हासुद्धा धम्माचाच भाग आहे, हे ध्यानात ठेवा.

पुढे शतकं लोटली, लेणी ओस पडली. घरी राहणाऱ्या अनुयायांसाठी वेगळी दीक्षा नव्हती, ही मोठी उणीव होती, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडलं. आपल्या शेजारच्या कोरेगाव भीमाला १ जानेवारी १९२७ रोजी आलेले बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्माकडे वळले. माईसाहेबांसोबत त्यांनी दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो संसारी माणसांना दिली. त्यात शेतमजूर होते, गिरणीकामगार होते, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया होत्या. घर सोडा, असं कुणाला सांगितलं नाही. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसं एकत्र आली की धम्म लागतो, हा त्यांचा विचार होता. दोन माणसं एकत्र येण्याची पहिली जागा म्हणजे घर.

आजही आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वस्तीवरच्या विहारात संध्याकाळी याच ग्रंथाचं वाचन होतं. दिवस नेमके खुरपणीचे. घरातले पुरुष वाचनाला पुढे बसतात आणि बाई भांडी आटोपून शेवटच्या पानाला पोचते, असं होत असेल तर कमी ती पडत नाही. घराची वाटणी कमी पडते. एक आठवडा भांडी कुणी दुसऱ्यानं घासावीत, गटानं मिळून एकमेकींची लेकरं सांभाळावीत, वाचनाची वेळ अर्धा तास पुढे न्यावी. गोष्टी छोट्या आहेत, पण सिगालाला सांगितलेल्या सहा दिशा त्यात आहेत.

आणि ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवशी आजारी सासूला वेळेवर दिलेलं औषध मोजा. विष्णुदत्तेनं ठेव ठेवली होती ती औषधासाठीच. तिचं नाव सतराशे वर्षं दगडावर टिकलं आहे.

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडाल, तेव्हा एक पान वेळेच्या हिशेबालाही ठेवा. घरात कुणाला किती सवड मिळते, ते लिहून बघा. काय निघतं ते आम्हाला जरूर कळवा.