कार्बन डायसल्फाइड

कार्बन डायसल्फाइड (अन्य नाव : कार्बन बायसल्फाइड) हा कार्बन व गंधक यांपासून तयार होणारा, अत्यंत ज्वलनशील, चटकन बाष्परूप होणारा व विषारी द्रव आहे. त्याच्या रेणूत कार्बनचा एक आणि गंधकाचे दोन अणू असतात. व्हिस्कोज रेयॉन व सेलोफेन यांच्या निर्मितीत तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. या रसायनाचा धोका दुहेरी आहे. त्याच्या वाफा उघड्या ज्योतीवाचून, केवळ तापलेल्या नळीच्या संपर्कानेही पेट घेतात. तसेच त्या अल्प प्रमाणात दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्था व हृदय यांचे विकार जडतात. त्याची दुर्गंधी ओळखू येण्याजोगी असली, तरी तिच्यावर विसंबून सुरक्षितता साधता येत नाही.

गुणधर्म

शुद्ध कार्बन डायसल्फाइड रंगहीन असून त्यास ईथरसारखा काहीसा गोडसर वास असतो. व्यापारी प्रतीच्या द्रवात गंधकाची इतर संयुगे मिसळलेली असल्याने तो पिवळसर दिसतो व त्यास कुजलेल्या कोबीसारखी घाण येते. तो ४६.३° से. तापमानास उकळतो. पाण्याच्या तुलनेत त्याची घनता १.२६ असल्याने तो पाण्याखाली बसतो. पाण्यात तो फारच थोडा, म्हणजे लिटरमागे सुमारे २ ग्रॅम, विरघळतो. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पटींहून अधिक जड असते. गंधक, पांढरा फॉस्फरस, आयोडीन, मेद, राळ व रबर यांचा तो उत्तम विद्रावक आहे.

इतिहास

जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑगस्ट लांपाडियस यांनी १७९६ मध्ये लोहमाक्षिक (पायराइट) व ओलसर कोळसा एकत्र तापवीत असता हा द्रव प्रथम मिळविला आणि त्यास ‘द्रवरूप गंधक’ मानले. त्यात कार्बन व गंधक ही दोनच मूलद्रव्ये आहेत, हे बर्झीलियस व मार्से यांनी १८१३ मध्ये दाखवून दिले. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८४६ मध्ये रबराच्या शीत व्हल्कनीकरणाची रीत शोधली. तीत गंधकाचे क्लोराइड या द्रवात विरघळवून वापरले जाई, त्यामुळे रबराच्या कारखान्यांत त्याचा प्रसार झाला. द्राक्षवेलींची मुळे पोखरणाऱ्या फायलॉक्सेरा या किडीविरुद्ध फ्रान्समध्ये पॉल तेनार यांनी १८६९ मध्ये जमिनीत हा द्रव सोडून पाहिला. पुढे तेथील द्राक्षमळ्यांत हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला गेला.

इंग्लंडमधील क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी १८९२ मध्ये व्हिस्कोज पद्धतीचे एकस्व घेतले आणि विसाव्या शतकात कृत्रिम रेशमाचा उद्योग जगभर पसरला. भारतात केरळमधील पेरुंबावूर, महाराष्ट्रात कल्याणजवळील शहाड व मोहने, मध्य प्रदेशातील नागदा इत्यादी ठिकाणी व्हिस्कोज पद्धतीचे कारखाने उभे राहिले.

उत्पादन व उपयोग

पूर्वी लाकडी कोळसा तापवून त्यावरून गंधकाची वाफ नेत व हा द्रव मिळवीत. आता मुख्यतः मिथेन वायू व गंधक यांची सुमारे ६००° से. तापमानास उत्प्रेरकाच्या सान्निध्यात विक्रिया घडवितात.

व्हिस्कोज पद्धतीत लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर प्रथम कॉस्टिक सोडा व नंतर कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करतात. त्यापासून बनलेले झँथेट सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळविले, की मधासारखा दाट, नारिंगी द्राव मिळतो. तो बारीक छिद्रांतून सल्फ्यूरिक अम्लाच्या कुंडात सोडला, की सेल्युलोज पुन्हा तंतुरूपाने वेगळे होते. या वेळी कार्बन डायसल्फाइड मोकळे होऊन हवेत मिसळते. त्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही बाहेर पडतो. म्हणून अशा कारखान्यात आगीचा धोका साठवणीच्या जागी व झँथेट तयार करण्याच्या विभागात अधिक असतो, तर विषबाधेचा धोका विशेषतः कताई विभागात असतो.

आगीचा धोका

कार्बन डायसल्फाइडचा ज्वालांक (ज्या किमान तापमानास द्रवावरील वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) उणे ३०° से. आहे. म्हणजेच भारतातील कोणत्याही ऋतूत उघड्या भांड्यावर पेटण्याजोगी वाफ असतेच. त्याहून ध्यानात ठेवण्याजोगी बाब म्हणजे त्याचे स्वयंप्रज्वलन तापमान केवळ ९०° ते १००° से. आहे; पेट्रोलचे हेच तापमान साधारणतः २५०° से. च्या वर असते. त्यामुळे वाफेवर चालणाऱ्या यंत्राची उघडी नळी, तापलेला दिवा अथवा गरम झालेला धारवा (बेअरिंग) एवढ्यानेही आग लागते. ‘येथे विस्तव नाही, म्हणून भीती नाही’ हा समज या द्रवाच्या बाबतीत प्राणघातक ठरतो.

हवेत १.३ ते ५० टक्के या विस्तृत मर्यादेत त्याच्या वाफेचे मिश्रण स्फोटक असते. ते पेटविण्यास लागणारी ऊर्जा अत्यल्प असल्यामुळे स्थिर विजेची डोळ्यांना न दिसणारी ठिणगीही पुरते. नळीतून वेगाने वाहताना हा द्रव स्वतःच विद्युत्भारित होतो. जड वाफ जमिनीलगत पसरते, गटारे व खड्डे यांत साचते आणि दूरवरच्या ठिणगीने पेटून आग मूळ भांड्यापर्यंत परत येऊ शकते. ज्योत निळी असते व भर उजेडात ती नीट दिसत नाही. ज्वलनातून सल्फर डायऑक्साइड हा श्वास कोंडणारा वायू निर्माण होतो.

१३ मे १९४९ रोजी न्यू यॉर्क व जर्सी सिटी यांना हडसन नदीखालून जोडणाऱ्या हॉलंड बोगद्यात कार्बन डायसल्फाइडची ८० पिंपे नेणाऱ्या मालमोटारीस आग लागली. आजूबाजूची वाहने जळाली, बोगद्याच्या छताची व भिंतींची मोठी हानी झाली आणि ६६ जणांना इजा पोहोचली. बंदिस्त जागेत या रसायनाची आग कोणते रूप धारण करते, याचे हे ठळक उदाहरण होय.

आरोग्यावरील परिणाम

वाफेचे प्रमाण अधिक असल्यास डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी व बेशुद्धी ही लक्षणे उद्भवतात; फार अधिक असल्यास श्वसन बंद पडून मृत्यू ओढवतो. द्रव त्वचेतूनही शोषला जातो व कातडीस भाजल्यासारखी इजा करतो.

दीर्घकालीन विषबाधेचे सविस्तर वर्णन पॅरिसमधील वैद्य ऑग्यूस्त देलपेश यांनी १८५६ मध्ये रबर कामगारांच्या निरीक्षणावरून केले. डोकेदुखी, स्मरणशक्ती कमी होणे, कधी अकारण उत्तेजन तर कधी खिन्नता, हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे त्यांनी नोंदविली. पुढील काळात हातापायांच्या मज्जातंतूंचा ऱ्हास, बुबुळामागील दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांतील बिघाड, प्रजननसंस्थेचे विकार व गंभीर मनोविकार यांचीही नोंद झाली. ब्रिटनमधील व्हिस्कोज कामगारांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले.

ही लक्षणे एरवीच्या आजारांतही दिसत असल्याने रोगाचे मूळ कामाच्या जागी आहे, हे सहजी ध्यानात येत नाही. मनोविकार स्वभावदोषावर आणि हृदयविकार वयावर ढकलला जातो. दक्षिण कोरियातील वोनजिन रेयॉन या कारखान्यातील शेकडो कामगारांना ही विषबाधा झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी चळवळ उभारल्यावर हा रोग व्यवसायजन्य असल्याचे मान्य होत गेले. १९९३ मध्ये तो कारखाना बंद झाला.

वासाविषयी विशेष दक्षता घ्यावी लागते. प्रारंभी अल्प प्रमाणातही दुर्गंधी जाणवते. परंतु काही वेळाने नाक त्या वासास सरावते व प्रमाण वाढले तरी ते कळत नाही. म्हणून हवेतील प्रमाण उपकरणानेच मोजावे लागते. कामाची पाळी संपताना मूत्रातील ‘टीटीसीए’ या द्रव्याची तपासणी केल्यास कामगाराच्या शरीरात किती वाफ शिरली याचा अंदाज येतो.

सुरक्षित साठवण व हाताळणी

हा द्रव पाण्याहून जड व पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने त्यावर पाण्याचा थर ठेवून वाफ रोखता येते. मोठ्या टाक्या पाण्याने भरलेल्या काँक्रीटच्या हौदात बसवितात व आत पाणी अथवा नायट्रोजन वायू यांचे आवरण राखतात. एका टाकीतून दुसरीत द्रव नेताना पाण्याचा वा नायट्रोजनचा दाब वापरतात. दाबाखालील हवा कधीही वापरीत नाहीत. अन्य महत्त्वाचे नियम पुढीलप्रमाणे आहेत.

• टाक्या, नळ्या व पिंपे यांना अर्थिंग करावे आणि एकमेकांस तारेने जोडावे.
• विद्युत् उपकरणे स्फोटरोधक व पृष्ठभाग ८५° से. पेक्षा अधिक न तापणारी असावीत. उष्ण नळ्या त्या परिसरातून नेऊ नयेत.
• वायुवीजनासाठी जमिनीलगत हवा खेचणारी व्यवस्था असावी.
• नायट्रिक अम्लासारखे ऑक्सिडीकारक पदार्थ, सोडियम व पोटॅशियम हे धातू आणि अ‍ॅझाइड संयुगे यांपासून तो दूर ठेवावा.
• साध्या रबराचे हातमोजे वापरू नयेत, कारण द्रव त्यांतून आरपार जातो. फ्ल्युओरो-रबराचे हातमोजे योग्य ठरतात.
• प्रयोगशाळेत तो केवळ धूम्रकक्षात (फ्यूम हूड) वापरावा, घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये व मोरीत ओतू नये.

गंधकाचे स्फटिक मिळविण्याच्या शालेय प्रयोगात पूर्वी हा विद्रावक सर्रास वापरीत. त्याऐवजी टोल्यूइन किंवा झायलीन वापरता येते. तेही ज्वलनशील असले, तरी तुलनेने कमी धोक्याचे आहेत.

गळती, आग व प्रथमोपचार

गळती झाल्यास परिसर रिकामा करून वाऱ्याच्या दिशेकडे, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, जावे. विजेची बटणे चालू वा बंद करू नयेत. आग विझविण्यास कोरडी पूड, कार्बन डायऑक्साइड अथवा फेस वापरतात. हौदासारख्या बंदिस्त जागी पाणी हलकेच सोडल्यास ते द्रवावर थर धरून आग दाबते. जोराच्या फवाऱ्याने मात्र जळता द्रव उडून पसरतो. आग विझल्यावरही तापलेल्या धातूमुळे ती पुन्हा भडकू शकते.

बाधित व्यक्तीस मोकळ्या हवेत न्यावे. सोडविणाऱ्याने स्वतः श्वसनयंत्र घातल्याशिवाय आत शिरू नये. भिजलेले कपडे काढून त्वचा व डोळे किमान १५ मिनिटे पाण्याने धुवावेत. द्रव पोटात गेल्यास उलटी करवू नये. या विषावर विशिष्ट उतारा नसल्याने तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

वाहतुकीत या रसायनाचा संयुक्त राष्ट्र क्रमांक ११३१ असून त्याची गणना ज्वलनशील द्रव व त्यासोबत विषारी पदार्थ अशी होते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कार्बन बायसल्फाइडच्या विषबाधेचा समावेश सूचनीय रोगांत, म्हणजे शासनास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत, करण्यात आला. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही हा व्यवसायजन्य रोग मानला गेला होता. त्यामुळे रुग्णाच्या कामाचे स्वरूप विचारून त्याची नोंद करणे ही वैद्याच्या दृष्टीने निदानाची, तर कामगाराच्या दृष्टीने हक्काची बाब ठरते.