राजस्तुती आणि इतिहास

राजाच्या दारी बिदागीसाठी उभा राहिलेला कवी राजाला थोर म्हणणार नाही तर काय म्हणेल? मग प्राचीन तमिळ राजस्तुती इतिहासकाराने हाती तरी का धरावी? प्रश्न रास्त आहे. ‘पदिट्रुप्पत्तु’ या संग्रहात चेर राजाने थेट हिमालयावर आपले धनुष्यचिन्ह कोरल्याचे वर्णन आहे. त्यावर विसंबून कुणी चेर राज्याचा नकाशा रंगवू लागला, तर त्याला आपण हसूच.

परंतु आता दुसरी बाजू पाहा. ‘पुरनानूरु’ हा चारशे कवितांचा संग्रह उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ताडपत्रांवरून संपादून १८९४ साली छापला. त्यात तगडूरचा, म्हणजे आजच्या धर्मपुरीचा, अदियमान नेडुमान अंजी हा सरदार भेटतो. आयुष्य वाढवणारा दुर्मिळ आवळा स्वतः न खाता त्याने अव्वैयार या कवयित्रीला दिला, म्हणून ती त्याला दुवा देते. गोष्ट गोड आहे. पण हा माणूस खरोखर होऊन गेला कशावरून?

इकडे अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात दक्षिणेकडचे शेजारी म्हणून चोल, पांड्य, केरलपुत्र यांच्याबरोबर ‘सतियपुत्र’ असे नाव येते. हे कोण, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. काहींनी तर आपल्याकडच्या सातपुते आडनावाशी त्याचा संबंध जोडून पाहिला! अखेर १९८१ साली तिरुक्कोविलूरजवळच्या जंबै गावी एका गुहेत तमिळ-ब्राह्मी लेख सापडला. ही गुहा निवासासाठी दान देणाऱ्याचे नाव त्यात आहे: सतियपुत अतियन नेडुमान अंजी. अशोकाचा सतियपुत्र आणि कवितेतला अदियमान यांचे कूळ एकच, हे त्या एका ओळीने उघड झाले.

म्हणून आवळ्याची गोष्टही खरी ठरली का? नाही बरं! लेखाने नाव आणि कूळ यांची ग्वाही दिली, औदार्याची नव्हे.

याच अव्वैयारने शत्रूच्या दरबारी जाऊन त्याच्या लखलखीत शस्त्रांचे कौतुक केले आणि आमच्या राजाची शस्त्रे मात्र मोडून लोहाराकडे पडली आहेत, असे सांगितले. टोमणा तर बसलाच. पण लढाईत मोडलेली हत्यारे लोहाराकडे जात, हेही ती सहज सांगून गेली. राजाचा मोठेपणा ताडून घ्यावा. असे सहज आलेले तपशील मात्र इतिहासकाराने आवर्जून टिपून ठेवावेत.