एका प्रोटोकॉलच्या पाठीवर दुसरा : ब्रॉडबँडमागील 'पीपीपीओई'

वर्धा : पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वेने एकेकाळी येणाऱ्या मालाला पुढे मुख्य मार्गाने जायचे तर पुलगावला गाडी बदलावी लागे, कारण रुळांचे माप वेगळे. संगणकांच्या जाळ्यात ही चढउतार टाळण्यासाठी लहान गाडीचा डबाच मालासकट मोठ्या गाडीवर ठेवतात. एका प्रोटोकॉलचे पाकीट दुसऱ्याच्या पाकिटात घालण्याच्या या रीतीला 'एन्कॅप्सुलेशन' म्हणतात.

भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा याच रीतीचा आधार घेतला. डायल-अप काळातील 'पीपीपी' हा प्रोटोकॉल ग्राहकाचे नाव व पासवर्ड तपासत असे. ईथरनेटला ती सोय नव्हती. वापराचा हिशेब तर ठेवायचा होता. म्हणून पीपीपी ईथरनेटवर स्वार झाला. त्याचे नियम १९९९ मध्येच 'आरएफसी २५१६' या दस्तऐवजाने ठरले होते. तांब्याच्या तारेवर हे सारे पुन्हा 'एटीएम'च्या ५३ बाइटांच्या तुकड्यांत जाई; त्यांतील ५ बाइट केवळ पत्त्याचे! तार जाऊन फायबर आले, तरी निगमच्या जोडणीत पीपीपीओई टिकून आहे.

या स्वारीचे भाडे ग्राहकच भरतो. ईथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओईची चिठ्ठी ८ बाइट घेते, उरतात १४९२. संगणक मात्र १५०० गृहीत धरून मोठे पाकीट पाठवतो. 'पाकीट मोठे आहे' असा निरोप वाटेतील यंत्राने द्यायचा असतो. पण सुरक्षेच्या नावाखाली अनेक ठिकाणी तो निरोपच अडवला जातो. परिणामी लहान पाने उघडतात, पण ऑनलाइन अर्जाला जोडलेले छायाचित्र चढता चढत नाही. दोष मात्र संकेतस्थळाला दिला जातो. अशा वेळी राउटरमध्ये 'एमटीयू' १४९२ आणि 'एमएसएस' १४५२ आहे का, हे आधी पाहावे.

आणखी एक गैरसमज घातक आहे. पासवर्ड विचारला म्हणून मजकूर गुप्त राहतो, असे नाही. पीपीपीओई फक्त पाकिटात पाकीट घालते, कुलूप लावत नाही. कुलपाचे काम 'एचटीटीपीएस' किंवा 'व्हीपीएन' करते. त्यातले व्हीपीएन हेही पाकिटातले पाकीटच. त्याच्या चिठ्ठीपोटी १४९२ मधून आणखी काही बाइट वजा होतात.